गारगोटीचा विळा: मराठवाड्यातल्या दगडातून कापणीचं आदिम हत्यार घडवताना

विहिरीचं काम चाललं की काठावर मलब्याचा ढीग साठतो. वरचा मुरूम, खालचा काळा पाषाण आणि मधल्या थरातला ठिसूळ, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. या मांजऱ्याच्या भोकांत गारा असतात. लहानपणी आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासायचो. आत फिकट उजेड लुकलुकायचा आणि जळका वास यायचा. याच दगडाच्या पात्या काढून गोदावरी-प्रवरेच्या काठची माणसं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी रोजची कामं उरकत होती, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर तसला एक विळा स्वतः करून बघायची खुमखुमी आली. पहिले दोन फसले. तिसऱ्याने गहू कापला.

सुरुवात मी परदेशी व्हिडिओ पाहून केली आणि तिथेच चुकलो. त्यांच्याकडे फ्लिंटचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे, कलिंगडाएवढे गोळे असतात आणि हाताशी हरणाचं शिंग असतं. आपल्याकडे गार सापडते ती लिंबाएवढी, फार तर मुठीएवढी, आणि हरणाच्या शिंगाला हात लावला तर गुन्हा दाखल होतो. त्यामुळे त्यांचं हत्यार जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही. आपल्या दगडाला जे जमतं तेच करायचं.

काय बनवायचं आहे

लोखंडाचा विळा एकसंध असतो. दगडाचा नसतो. लाकडाच्या, हाडाच्या किंवा शिंगाच्या मुठीला खाच पाडायची आणि त्या खाचेत छोट्या छोट्या दगडी पात्या ओळीने चिकवाने, म्हणजे राळ-मेणाच्या घट्ट लुकणाने, बसवायच्या, अशी ती रचना. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या नातुफी संस्कृतीच्या लोकांनी, शेती सुरू होण्याच्याही आधी, हाडाच्या मुठींना अशा खाचा पाडल्या होत्या. बल्गेरियातल्या कारानोवो इथे वाकड्या शिंगाच्या मुठीत पात्या तिरप्या बसवलेले विळे मिळाले. इजिप्तच्या फायूम भागात सरळ लाकडी मूठ मिळाली. आपल्याला जवळचं उदाहरण बलुचिस्तानातल्या मेहरगढचं आहे. तिथे नैसर्गिक डांबरात तिरप्या रोवलेल्या पात्या सापडल्या.

महाराष्ट्रातला आपला काळ म्हणजे ताम्रपाषाण युग, त्यातही जोर्वे संस्कृती, साधारण इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केलं. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात खोदाई चालली. मराठवाड्यात पैठण तालुक्यातलं आपेगाव, जे आपण ज्ञानेश्वरांचं जन्मगाव म्हणून ओळखतो, तिथेही गोदाकाठी याच लोकांची वस्ती होती. या ठिकाणांवर कॅल्सिडोनीच्या, म्हणजे मेणचट दिसणाऱ्या गारेच्या, समांतर धारांच्या पात्या भरपूर मिळतात. इनामगावचं मुख्य पीक जव, म्हणजे बार्ली. त्याच्या जोडीला गहू, मसूर, हुलगा, लाख.

मूठ मात्र कुजून जाते, उरतो तो दगड. म्हणून एक गोष्ट आधीच कबूल करतो. खाली मुठीचा जो आकार सांगितला आहे तो बाहेरच्या नमुन्यांवरून आणि हाताला काय बरं वाटतं त्यावरून ठरवलेला अंदाज आहे. पात्या मात्र अगदी इथल्या पद्धतीच्या आहेत.

हरणाच्या शिंगाचं काय करायचं

जगभरातल्या मार्गदर्शकांत पहिल्याच ओळीत हरणाचं शिंग मागतात, म्हणून हा विषय आधी संपवू. सांबर-चितळाचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते दरवर्षी गळतं आणि नवं येतं. चिवट असल्यामुळे दगडावर मारलं की ते किंचित दबतं, दगडाला क्षणभर धरून ठेवतं आणि लांब, पातळ कपची सोलून काढतं. उत्तर प्रदेशातल्या महदहा या मध्याश्मयुगीन ठिकाणी हाडाच्या आणि शिंगाच्या वस्तू मिळाल्या आहेत, म्हणजे आपल्याकडेही ते वापरात होतंच.

आज ते वापरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे हरणाचं शिंग जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. ते जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरीही. आजोबांच्या काळापासून भिंतीवर टांगलेलं आहे, ही नुसती सबबही चालत नाही. कुणी ‘जुनं आहे, घेऊन जा’ म्हणालं तर हात जोडून नको म्हणा.

पर्याय मात्र असा आहे की तो पर्याय वाटतच नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी घडवणारे कारागीर म्हशीच्या शिंगाची हातोडी वापरतात. बांबूच्या बारीक लवचीक काठीच्या टोकाला शिंगाचा तुकडा बसवलेला असतो. समोर जमिनीत लोखंडी टोकदार सळई तिरपी रोवलेली असते. अकीकाचा खडा सळईच्या टोकाला टेकवायचा आणि मागून शिंगाच्या हातोडीने टोला द्यायचा. टोला एकीकडून आणि कपची सुटते दुसरीकडून, सळईच्या टोकापाशी. ही पद्धत हडप्पा काळापर्यंत मागे जाते असं अभ्यासक मानतात. अकीक आणि आपली गारगोटी एकाच घराण्यातली. तेव्हा युरोपच्या शिंगापेक्षा खंबातची हातोडी आपल्या कामाला जास्त जवळची.

म्हशीचं शिंग हे हाड नव्हे. आपल्या नखासारखं ते कवच आहे, आत हाडाचा गाभा असतो. कातड्याच्या व्यापाऱ्याकडे किंवा परवानाधारक कत्तलखान्यातून ते मिळतं. पावती घ्या. गाय-बैलाच्या शिंगाच्या वाटेला जाऊ नका, विनाकारण प्रश्न उभे राहतात. शिंग पाण्याच्या ड्रममध्ये दोन-तीन आठवडे भिजत ठेवलं की आतला गाभा सुटतो. ड्रम घरापासून लांब ठेवा. मी गोठ्यामागे ठेवला होता, तरी चार दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मग टोकाकडचा भरीव भाग बोटभर लांबीचा कापून घ्या, त्याला भोक पाडा आणि हातभर बांबूच्या काठीवर घट्ट बसवा. शिंग मिळालंच नाही तर बाभळीच्या गाठीचा लाकडी ठोकळा चालतो, फक्त तो लवकर झिजतो.

दगड कसा निवडायचा

सगळं काम इथेच जमतं किंवा इथेच बिघडतं. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, कुठल्याही नदीच्या पात्रात उन्हाळ्यात गोट्यांचे थर उघडे पडतात. विहिरींचे ढीग आणि रस्त्याच्या खोदकामाचा मलबाही बघा.

मांजऱ्याच्या भोकांतून निघणारं सगळंच कामाचं नसतं. पांढरे, सुईसारख्या रेषांचे, सुरीने ओरखडे पडणारे दगड म्हणजे झिओलाइट. दिसायला देखणे, आपल्याला निरुपयोगी. आत चकाकणारे स्फटिक असलेली गार शोकेसला ठेवा, ती फुटते तेव्हा वेड्यावाकड्या दाण्यांत फुटते. आपल्याला हवी ती कॅल्सिडोनी. मेणचट, दुधी किंवा निळसर, उन्हात धरली तर कडा अर्धपारदर्शक. पिवळा-तांबडा जास्पर आणि रेषांचा अकीकही चालतो. तिन्ही काचेवर सहज ओरखडा काढतात.

मग कानाची परीक्षा. दगड बोटांच्या टोकांवर सैल धरून लहान गोट्याने हलका टोला द्या. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, फेकून द्या. शेवटी कोपऱ्याची एक कपची उडवा. तुटलेला भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, मंद लाटा असलेला दिसला पाहिजे. मी पिशवीभर गोळा केलेल्या दगडांतले निम्म्याहून जास्त या तीन चाळण्यांत गळतात.

ठोकायला दोन-तीन गोटेही याच पात्रातून घ्या. काळ्या पाषाणाचे, अंड्याच्या आकाराचे, एक मुठीत मावणारा आणि एक त्याच्या निम्मा.

एक पथ्य पाळा. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेरी मातीवरून, एकही दगड उचलू नका. तिथली कपची म्हणजे पुरावा असतो. काळीत, नदीत, विहिरीच्या मलब्यात कच्चा दगड भरपूर आहे.

दगडाला शेक देणं

कच्ची कॅल्सिडोनी हट्टी असते. तिला हळूहळू तापवून हळूहळू थंड केलं की ती सोलायला सोपी जाते. खंबातचे कारागीरही अकीक मातीच्या भांड्यांत मंद आचेवर भाजतात, त्याने रंगही खुलतो. आपल्याला साधारण २५० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत जायचं आहे.

दगड आधी आठवडाभर कडक उन्हात वाळवा. यात घाई नको. माझ्या पहिल्या खेपेला नदीतून आणलेले गोटे दुसऱ्याच दिवशी आगीत गेले आणि आत अडकलेल्या ओलीमुळे फटाक्यांसारखे फुटले. चुलीशेजारी बसलेलं मांजर पुढे महिनाभर त्या बाजूला फिरकलं नाही.

मातीच्या जुन्या मडक्यात चार बोटं कोरडी वाळू घाला, दगड एकमेकांना न लागतील असे ठेवा आणि वरून पुन्हा चार बोटं वाळू घाला. जमिनीत उथळ खड्डा करून मडकं त्यात ठेवा आणि सभोवती व वर गोवऱ्या रचा. लाकूड नको, त्याची आच एकदम चढते. गोवरी धुमसते, आपल्याला तेच हवं. संध्याकाळी पेटवलं की रात्रभर धुमसू द्या. सकाळी राख कोमट लागली तरी मडक्याला हात लावू नका. पूर्ण थंड व्हायला दुसरी संध्याकाळ उजाडते. गरम दगडाला वारा लागला की आत बारीक चिरा पडतात, आणि त्या नेमक्या पातं काढताना दिसतात.

शेक बसला की नाही हे दोन खुणांवरून कळतं. पिवळसर दगड लालसर होतो, कारण त्यातल्या लोहाच्या पिवळ्या गंजातलं पाणी उडून तो तांबडा होतो. आणि नवी कपची काढली तर आतला पृष्ठभाग तेल लावल्यासारखा चमकतो. बाहेरचा भाग आधी होता तसाच निस्तेज राहतो. आत चमक नसेल तर पुन्हा शेक द्या.

डोळे, फुप्फुसं, पाय

ठोकायला सुरुवात करण्याआधी चष्मा लावा. नंबरचा चालणार नाही, कडांनी बंद असलेला गॉगल हवा. उडालेली कपची काचेसारखी धारदार असते. तोंडाला चांगला मास्क बांधा आणि काम उघड्यावर करा, वारा पाठीकडून घ्या. खंबातच्या अकीक कारागिरांना दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा आजार कित्येक दशकं ग्रासतो आहे, आणि तो बरा होत नाही. आपण महिन्यातून एखाद्या रविवारी बसणार, तरी धूळ ती धूळच. घासायचं काम असेल तेव्हा दगड ओला ठेवा.

खाली मोठी ताडपत्री अंथरा, मांडीवर जाड चामड्याचा तुकडा किंवा चौपदरी गोणपाट घ्या. अनवाणी लेकरं आणि कोंबड्या, दोघांनाही त्या बाजूला फिरकू देऊ नका.

कणा काढणं

गोल गोट्यातून सरळ पातं निघत नाही. पातं दगडावरच्या उंचवट्याच्या मागोमाग धावतं, जसं पाणी पाटाने जातं. उंचवटा नसेल तर तो घडवावा लागतो. ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी यासाठी वापरलेली युक्ती हे सगळ्या कामाचं मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गोटा लांबट निवडा. त्याच्या लांबीला धरून एक रेष मनात आखा. आता लहान गोट्याने त्या रेषेवर आळीपाळीने टोले द्यायचे. एक टोला डावीकडे कपची उडवेल असा, दुसरा उजवीकडे. प्रत्येक टोला आधीच्या कपचीने सोडलेल्या खोलगट खुणेच्या कडेवर द्यायचा. आठ-दहा टोल्यांनंतर त्या रेषेवर नागमोडी धार उभी राहते, बोकडाच्या पाठीच्या कण्यासारखी. म्हणून मी तिला कणाच म्हणतो.

मग दगडाच्या एका टोकाला सपाट माथा करा. एक आडवी मोठी कपची उडवली की तो तयार होतो. माथा आणि कणा यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा कमी हवा, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास. काटकोन झाला किंवा त्याहून उघडा राहिला तर टोला आत मुरतो आणि दगड मधोमध फुटतो. नवशिक्याचे दहातले आठ दगड इथेच जातात, माझे नऊ गेले. माथ्याची कड खडबडीत गोट्यावर घासून बोथट करा. वाटतं की धार असली तर पातं चांगलं निघेल. उलट आहे. पातळ कड टोल्याखाली चुरते आणि जोर वाया जातो.

आता सळई. पहारेचं टोक किंवा जाड छिन्नी जमिनीत तिरपी पक्की रोवा, टोक आपल्याकडे. दगडाची माथ्याकडची कड, नेमकी कण्यावर, काठापासून तांदळाच्या दाण्याएवढी आत, सळईच्या टोकाला टेकवा. डाव्या हाताने दगड घट्ट दाबून धरा. उजव्या हाताने शिंगाच्या हातोडीने विरुद्ध बाजूने टोला द्या. जोर मनगटाचा, खांद्याचा नको. बांबूची काठी लवते आणि टोला झटक्याने बसतो, त्यातच तिची खुबी आहे. ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि कणा सबंध सुटून बोटांत येतो.

पहिलं पातं म्हणजे नागमोडी पाठीचा तिकोनी तुकडा. ते विळ्याला चालत नाही पण जपून ठेवा, पोरांना समजावून सांगायला उपयोगी पडतं. त्याने मागे दोन नव्या सरळ कडा सोडलेल्या असतात. प्रत्येक कडेमागे एक नवं पातं, त्याच्यामागे पुन्हा दोन कडा. दर पात्यानंतर माथ्याची कड घासायची, कोन बघायचा आणि पुढचा टोला द्यायचा. हात बसला की मुठीएवढ्या दगडातून आठ-दहा बऱ्या पात्या निघतात.

पातं कुठे अडलं याकडे लक्ष द्या. मध्येच तुटून पायरी राहिली तर जोर कमी पडला. टोकाशी आत वळून दगडाचा बूडच घेऊन आलं तर जोर जास्त झाला. पायरी पडली की तीच जागा पुन्हा ठोकत बसू नका, उलट्या टोकाकडून ती सोलून काढा. सळई वापरायची नसेल त्यांनी दुसऱ्या माणसाला दगड धरायला लावून मध्ये शिंगाचा खिळा ठेवून ठोकावं. पण मग दोघांचंही एकमेकांवर प्रेम असावं लागतं.

पात्यांची निवड आणि पाठ

विळ्यासाठी तीन ते चार सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड अशा सहा पात्या काढा. वाकडी असेल तर तिचं टोक चिमट्यात धरून कडेवर टेकवा आणि मोडा. सरळ तुकडा ठेवा. सगळ्यांची जाडी सारखी असणं लांबी सारखी असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण खाच एकच असते.

पात्याची एक बाजू धारदार राहू द्यायची, दुसरी बोथट करायची. ही पाठ चिकवात रुतते. धार असलेली कड चिकव कापून सैल होते. मांडीवर चामडं घेऊन पातं त्यावर आडवं धरा आणि लाकडी मुठीत बसवलेल्या जाड तांब्याच्या तारेच्या टोकाने कडेवर दाब देत छोटे टवके काढा. इथे तांबं वापरण्यात फसवणूक नाही. या लोकांकडे तांबं होतं, थोडं आणि मोलाचं, पण होतं. म्हणून तर युगाचं नाव ताम्रपाषाण.

मूठ

बाभूळ. कुऱ्हाडीचा दांडा, औताचे भाग यांना जी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तीच. हातभर लांबीची, अंगठ्यापेक्षा जाड, थोडी वाकलेली फांदी घ्या. ओली असताना साल काढून आकार द्या, मग पंधरा दिवस सावलीत वाळवा. उन्हात वाळवली तर तडकते. ओल्या लाकडात खाच पाडली तर वाळताना ती आकसते आणि पात्या बाहेर ढकलते. माझा दुसरा विळा असा गेला.

म्हशीचं पूर्ण शिंगही मूठ म्हणून वापरता येतं. त्याचा आकार मुळात विळ्याचाच. शिंगाच्या मुठीच्या जुन्या नमुन्यांची आठवण त्यात राहते, पण आतून पोकळ भाग किती लांब आहे ते बघून खाच पाडा.

खाच आतल्या वाकाच्या बाजूला, १८ ते २० सेंटिमीटर लांब, ७-८ मिलिमीटर खोल, पात्याच्या जाडीपेक्षा केसभर रुंद. पूर्ण दगडाने करायची तर फुटलेल्या जाड कपचीच्या टोकाने रेघ ओढत राहायची. मी एकदा केली, एक अख्खी दुपार आणि चार कपच्या खर्ची पडल्या. एरवी हॅक्सॉचं पान दोनदा शेजारी शेजारी चालवलं की काम होतं. प्रदर्शनात ठेवणार असाल तर हॅक्सॉ वापरला हे पाटीवर लिहा.

चिकव

राळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, मधमाशीचं मेण मधवाल्याकडे. मेणबत्तीचं मेण हे नव्हे, ते वापरू नका. तिसरी वस्तू बारीक वस्त्रगाळ कोळशाची पूड. चार भाग राळ, एक भाग मेण, एक भाग पूड. लोखंडी पळीत अगदी मंद निखाऱ्यावर राळ वितळवा, मग मेण, शेवटी पूड. उकळू देऊ नका. पेटली तर वरून ताट झाका, पाणी ओतू नका.

थेंबभर चिकव थंड गोट्यावर टाकून निवू द्या. नखाने दाबल्यावर काचेसारखा तडकला तर मेण वाढवा. नख रुतलं तर राळ आणि पूड वाढवा. हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, ते मला परभणीच्या मे महिन्याने शिकवलं. जानेवारीत पक्का बसलेला विळा मी पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगला होता. मे उजाडेपर्यंत सगळ्या पात्या दारूड्याच्या दातांसारख्या एकीकडे कलल्या होत्या. उन्हाळ्यात वापरणार असाल तर मेण निम्मं करा. सोनार ज्या लाखेने पोकळ दागिने भरतात तीही चालते, विटेची पूड घालून. ती जास्त कडक बसते.

मूठ निखाऱ्यावर धरून खाच गरम करा, चिकव ओता आणि पात्यांची पाठ त्यात रुतवा. पात्याही आधी कोमट केलेल्या हव्यात, थंड दगडाला चिकव धरत नाही. दोन पर्याय आहेत. एकापुढे एक सरळ ओळ केली तर सलग धार मिळते. मेहरगढसारख्या तिरप्या बसवल्या तर करवतीसारखे दात तयार होतात आणि ते काडी धरून ठेवतात. मला तिरप्या आवडल्या. वरून ओल्या बोटाने चिकव दाबून दोन्ही बाजूंनी सारखा करा.

वावरात

पहिली परीक्षा बांधावरच्या गवतावर घ्या. मग गहू, पूर्ण वाळण्याच्या आठवडाभर आधीचा. काडीत थोडी ओल असली की ती चटकन कापली जाते आणि दाणे गळत नाहीत.

लोखंडी विळ्यासारखा झटका देऊ नका. डाव्या हातात काड्यांची मूठ धरा, विळा त्यांच्या मागे न्या आणि ताण देत आपल्याकडे ओढा. कापणं कमी, चिरणं जास्त. झटका दिला की कडेचं पातं उडतं आणि मग ते ढेकळांत शोधत बसावं लागतं. जाड धाटाच्या ज्वारीवर हा प्रयोग करू नका, फार तर कणसं खुडून बघा. माझे चुलते बांधावर बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “एवढ्या येळात मी उपटून पेंढ्या बांधल्या असत्या की.” त्यांचं चूक नव्हतं. आपल्याकडे ज्वारी उपटूनच काढतात, आणि आदिम काळातही उपटणं, हाताने ओरबाडणं आणि कापणं या तिन्ही पद्धती होत्या असं अभ्यासक मानतात. १९६०च्या दशकात जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात रानटी गहू हाताने आणि गारेच्या पात्याच्या विळ्याने गोळा करून बघितला. तासाला साधारण एक किलो स्वच्छ दाणा मिळाला.

चार-पाच तास कापणी झाली की पात्या पुसून उन्हात तिरक्या धरा. धारेलगत एक चकचकीत पट्टा दिसू लागतो. गवत-धान्याच्या काडीत सिलिका असते, तिने दगडाला दिलेली ही जिल्हई. उत्खननात मिळालेलं पातं कापणीला वापरलेलं होतं की नाही हे याच झळाळीवरून ताडतात. पट्टा धारेला समांतर असेल तर पातं सरळ बसवलेलं होतं, तिरपा असेल तर तिरपं. तुमच्या पात्यावरचा पट्टा आणि संग्रहालयातल्या पात्यावरचा पट्टा मनात शेजारी ठेवून बघा. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथल्या जुन्या वस्तू बघायला गेलात तर आता डोळा वेगळा असेल.

खूण आणि खड्डा

प्रत्येक पात्याच्या पाठीवर, चिकव लावण्याआधी, न पुसणाऱ्या रंगाने साल लिहा. मुठीवरही लिहा. चांगली जमलेली नक्कल दोन हातांतून गेली की तिची ‘सापडलेली प्राचीन वस्तू’ होते, आणि मग ती विकणारा व घेणारा दोघेही अडचणीत येतात.

कपच्यांचं काय करायचं हा प्रश्न त्याहून मोठा. एका विळ्यामागे घमेलंभर कपच्या पडतात आणि त्या हुबेहूब जुन्यासारख्या दिसतात. नदीत किंवा वावरात टाकल्या तर पन्नास वर्षांनी कुणीतरी तिथे ताम्रपाषाणकालीन कारखाना होता असा लेख लिहील. शिवाय बैलाच्या खुरात घुसतात ते वेगळंच. ताडपत्री चारही कोपऱ्यांनी उचला, कपच्या घराजवळच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा करून त्यात ओता, वर फुटक्या बाटलीच्या काचा आणि चालू सालचं एक रुपयाचं नाणं टाका. मग माती लोटा.